पुरुष नसबंदी : निर्णय कोणाचा, केव्हा आणि कशाच्या आधारावर

दुसऱ्या बाळंतपणाचे सिझेरियन ठरलेले असते. आदल्या दिवशी, पुष्कळदा तर त्याच सकाळी, डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, "पोट उघडणारच आहोत, तर टाके घालण्यापूर्वी ते ऑपरेशनही उरकून घ्यायचे का?" बाहेरच्या बाकावर बसलेल्या मंडळींत थोडी कुजबुज होते. सासूबाई मान डोलावतात, पती 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणतो आणि कागदावर सही होते. संततिनियमनाचा प्रश्न बहुतेक व्यापारी घरांत असा सुटतो. खरे तर तो विचारलाच जात नाही. पाच पोती माल उधार द्यायचा झाला तरी समोरच्याची पत, मागची बाकी आणि हंगाम पाहणारे घर एका कायमस्वरूपी शस्त्रक्रियेचा निर्णय दवाखान्याच्या बोळात पाच मिनिटांत घेते. त्या पाच मिनिटांत पतीच्या शरीराचा विषय कोणाच्या मनातही येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पतीने नसबंदी करून घेतलेली जोडपी होती ०.३ टक्के. म्हणजे सव्वाशे स्त्रियांमागे जेमतेम एक पुरुष. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि पुरुषांचे प्रमाण येथेही अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात पुरुषांचा आकडा देशभरात साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. शिक्षण वाढले, शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा सोपी झाली, आणि तरीही पुरुष मागे सरला.

असे नेहमीच नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा समाजाने त्यांची हेटाळणी केली. पण स्वातंत्र्यानंतर, १९५२ पासून, याच विषयाचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि पहिली दोन-अडीच दशके त्या कार्यक्रमाचा भार मुख्यतः पुरुषांनीच उचलला. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे चालत. केरळात एर्नाकुलम येथे जुलै १९७१ च्या एका महिन्याच्या शिबिरात त्रेसष्ट हजारांहून अधिक पुरुषांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या आणि त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना उद्दिष्टे वाटून देण्यात आली होती. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. निवडणुकीनंतर 'कुटुंबनियोजन' हा शब्दही मागे पडला आणि 'कुटुंबकल्याण' आला. सक्तीचा राग रास्त होता. त्याची किंमत मात्र पुढची पन्नास वर्षे स्त्रियांनी मोजली, कारण पुरुषाला हात लावण्याचे धैर्य त्यानंतर कोणत्याही सरकारला झाले नाही आणि शिबिरांच्या रांगा स्त्रियांच्या झाल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरच्या शिबिरानंतर तेरा स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, तो या पार्श्वभूमीवर.

आज ज्यांचे वय पस्तीस-चाळीस आहे, त्यांनी आणीबाणी पाहिलेली नाही. पण 'नसबंदी' हा शब्द त्यांच्या कानी आला तो वडिलांच्या पिढीच्या तोंडून, आणि त्या शब्दाला पोलीस, जीप व अब्रू यांचा वास अजून आहे. पुरुष नसबंदीविषयी बोलताना जी दबकी हसू उमटतात, त्यांचे मूळ शरीरशास्त्रात कमी आणि या स्मरणात जास्त आहे.

शरीरशास्त्र तसे थोडक्यात सांगता येते. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू दोन बारीक नळ्यांतून पुढे जातात. त्या शुक्रवाहिन्या कापून बांधल्या की शुक्रजंतूंची वाट बंद होते. पुरुषत्वाचे संप्रेरक या नळ्यांतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळते. म्हणून दाढी-मिशा, आवाज, ताकद, इच्छा यांपैकी कशातही फरक पडत नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा शेकडा दोन ते पाच इतकाच असल्याने प्रमाणही पूर्वीसारखेच राहते. तयार झालेले शुक्रजंतू शरीरात विरून जातात. पोते उचलता येणार नाही, कंबर जाईल, वजन वाढेल अशा ज्या समजुती बाजारपेठेत फिरतात, त्यांना आधार नाही.

१९७४ मध्ये चीनमधील डॉ. ली शुनचियांग यांनी चाकूचा छेद न घेता, त्वचेला केवळ एक सूक्ष्म छिद्र पाडून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत बसवली. भारतात ती नव्वदच्या दशकात आली आणि आपल्याकडे 'बिनटाक्याची नसबंदी' म्हणून ओळखली जाते. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटांचे काम, त्यानंतर थोडा वेळ विश्रांती आणि त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम करावा, आधार देणारी घट्ट चड्डी वापरावी आणि आठवडाभर जड वजन उचलू नये. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या पोकळीत शिरावे लागते, भूल अधिक लागते, आणि आधीची सिझेरियन झालेली असल्यास आतील अवयव चिकटलेले असण्याची शक्यता असते. जोखमीची तुलना केली तर पुरुषाची शस्त्रक्रिया निःसंशय हलकी आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण प्रचाराच्या पत्रकांत ती येत नाही. सिझेरियनसाठी पोट उघडलेलेच असेल, तर त्याच वेळी स्त्रीच्या नळ्या बांधल्याने वाढणारी जोखीम थोडी असते. म्हणून त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नसतो. चूक असते ती वेळेची. बाळ अजून जन्मलेलेही नाही, त्याची प्रकृती कशी असेल हे कोणाला ठाऊक नाही, आई प्रसूतीच्या ताणात आहे. अशा वेळी दार कायमचे बंद करण्याची घाई कशासाठी? पतीची शस्त्रक्रिया कोणत्याही महिन्यात करता येते. बाळ वर्षाचे होऊ द्यावे, त्याच्या लसी पूर्ण होऊ द्याव्यात, आईची प्रकृती सावरू द्यावी आणि मग दोघांनी शांतपणे बसावे, ही सवड पुरुष नसबंदी देते. तिच्या बाजूचा कदाचित सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही.

आता जोखमीचा हिशेब. शस्त्रक्रियेनंतर सूज किंवा थोडे रक्त साकळणे, क्वचित जंतुसंसर्ग होणे, हे शंभरात एक-दोघांना होते व उपचाराने बरे होते. शंभरात एक-दोघांना मात्र दुखणे महिनोन्महिने रेंगाळते आणि डॉक्टरांकडे पुन्हा जावे लागते. हे प्रमाण लहान असले तरी शून्य नाही, आणि जो पुरुष दिवसभर गादीवर किंवा गाडीवर बसून काम करतो त्याने ते आधी ऐकून ठेवलेले बरे. आधीपासून हर्निया, अंडवृद्धी, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

दुसरा धोका शरीराचा नाही, संसाराचा आहे. शस्त्रक्रिया झाली त्या दिवसापासून पुरुष निर्धोक होत नाही. कापलेल्या जागेच्या पुढे नळ्यांत शुक्रजंतू शिल्लक असतात आणि ते निघून जायला सुमारे तीन महिने लागतात. तेवढे दिवस दुसरे साधन वापरायचे आणि तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून 'शुक्रजंतू नाहीत' असा लेखी अहवाल घ्यायचा, हा नियम आहे. पुष्कळ पुरुष ही तपासणी टाळतात. प्रयोगशाळेत नमुना देण्याचा संकोच, ओळखीचा माणूस भेटेल ही भीती, दुकान सोडून जाण्याचा कंटाळा. मग चौथ्या महिन्यात पत्नीला दिवस राहतात. घरात पहिला प्रश्न शस्त्रक्रियेविषयी विचारला जात नाही, तो तिच्याविषयी विचारला जातो. कधी तोंडाने, कधी नुसत्या नजरेने. अहवाल स्वच्छ आल्यानंतरही सुमारे दोन हजारांत एका पुरुषाच्या नळ्या पुढे केव्हातरी आपोआप जुळू शकतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. असा प्रसंग आलाच तर पतीने प्रथम स्वतःची तपासणी पुन्हा करून घ्यावी. पत्नीवर संशय घेण्याचा अधिकार त्याला तोवर नाही. तपासणीचा तो कागद दुकानाच्या परवान्याइतका जपून ठेवावा. जो पुरुष ही तपासणी करणार नाही असे स्वतःला ओळखून आहे, त्याने शस्त्रक्रियेच्या वाटेला न जाणेच उत्तम.

अहिंसेचा विचार येथे वेगळ्या अंगाने येतो. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत ब्रह्मचर्याणुव्रत आहे आणि गृहस्थासाठी त्याचा अर्थ स्वदारसंतोष असा केला जातो. आदर्श संयमाचाच आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु ज्या घरी संयम हा एकमेव उपाय म्हणून चालत नाही, तेथे प्रश्न उरतो तो गर्भ राहूच न देणे आणि राहिलेला गर्भ पाडणे यांतील निवडीचा. कायदा १९७१ पासून संततिनियमनाचे साधन फसले या कारणासाठी गर्भपाताला मुभा देतो. पण ज्या दांपत्याला तो मार्ग मनाने मान्य नाही, त्याच्यासाठी साधनाचा भरवसा हा निव्वळ सोयीचा विषय राहत नाही. महिन्याच्या तारखा मोजून, नाहीतर घाईत औषधाच्या दुकानातून गोळी आणून वर्षे काढणारी, आणि त्यातून एखाद्या नको असलेल्या निर्णयापर्यंत येऊन ठेपलेली घरे सर्वच पेठांत आहेत. नसबंदीत कोणताही गर्भ नष्ट होत नाही. ज्यांच्या मनात तरीही शंका असेल त्यांनी आपल्या गुरूंना विचारावे. लाजेने न विचारता आतल्या आत कुढत राहणे हे मात्र दोघांनाही जड जाते.

अशा घरांना उपयोगी पडतील असे दोन-तीन बारकावे. नळी बांधण्यासाठी पुष्कळदा रेशमी धागा वापरतात. ज्यांना रेशीम वर्ज्य आहे त्यांनी कृत्रिम धाग्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. वेदनाशामक किंवा प्रतिजैविक औषधाची कॅप्सूल सहसा जिलेटिनची असते, त्याऐवजी गोळी मागता येते. चौविहार पाळणाऱ्याने औषधांच्या वेळा दिवसात बसतील अशा लिहून घ्याव्यात. पर्युषणात मोठा उपवास करायचा असेल तर शस्त्रक्रिया त्याच्या तोंडावर ठेवू नये.

आता मूळ प्रश्न, तो म्हणजे ही निवड कोणासाठी योग्य आणि कोणासाठी नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक घर कल्पनेत आणावे. पती छत्तीस वर्षांचा, पत्नी बत्तीस. नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, दोन्ही बाळंतपणे सिझेरियनची. तांबी बसवली तेव्हा रक्तस्राव वाढला म्हणून काढावी लागली. गोळ्यांनी डोके दुखते. एका रात्री पत्नी म्हणते, "अहो, दोनदा माझे पोट फाडून झाले. आता तिसऱ्यांदा नको वाटते." पती गप्प राहतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणतो, "मी विचारून येतो डॉक्टरांना." आईच्या कानावर गेल्यावर तिचा चेहरा उतरतो. "घरातला कमावता तू एकटा. तुलाच चाकू लावून घ्यायचा? त्यापेक्षा तिचे करून टाका, सगळ्या बायकांचे होतेच की." या माउलीच्या बोलण्यात दुष्टावा नाही. तिचेही असेच झालेले आहे. पण दहा मिनिटांच्या कामाने कमावत्याला धोका आणि पोटाच्या शस्त्रक्रियेने घर चालवणारीला काहीच नाही, हा हिशेब कोणत्याही रोजमेळात जुळणार नाही. अशा जोडप्यासाठी पतीची नसबंदी योग्य आहे, आणि तिला विरोध करण्याजोगे वैद्यकीय कारण दिसत नाही. पत्नीला हृदयविकार असेल, रक्तदाब असेल, किंवा आणखी एक गर्भारपण तिच्या जिवावर बेतणारे असेल, तर 'योग्य' हा शब्दही अपुरा पडतो.

उलट पती सत्तावीस-अठ्ठावीसचा, एकच मूल आणि तेही लहान, असे असेल तर थांबावे. शासकीय निकषांप्रमाणे विवाहित, किमान बावीस वर्षांचा आणि वर्षाहून मोठे एक तरी मूल असलेला पुरुष पात्र ठरतो. पण पात्र असणे आणि तयार असणे यांत अंतर आहे. ज्यांना पुढे पश्चात्ताप होतो त्यांच्यात कमी वयाचे, आणि संसारात ओढाताण चालू असताना निर्णय घेतलेले पुरुष अधिक असतात. भांडणाच्या काळात, कर्जाच्या काळात, घरात नुकतेच कोणी गेलेले असताना हा निर्णय घेऊच नये.

'पुढे जोडून घेता येते' हे वाक्य या बाबतीत फार घातक आहे. नळ्या पुन्हा जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया होते हे खरे. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चौदाशेहून अधिक पुरुषांची माहिती होती. नसबंदीला तीन वर्षे होण्याच्या आत जोडणी केलेल्यांत शंभरपैकी सत्त्याण्णवांच्या वीर्यात शुक्रजंतू परतले आणि शहात्तर जोडप्यांत गर्भधारणा झाली. पंधरा वर्षे उलटून गेल्यावर हेच आकडे एकाहत्तर आणि तीस असे खाली आले. शिवाय जोडणीची शस्त्रक्रिया मोठी व महाग आहे, ती करणारे कुशल हात प्रत्येक गावी नाहीत. म्हणून सही करताना ती कायमची आहे असेच धरून चालावे. 'पुढे पाहू' असे ज्याच्या मनात आहे त्याला तात्पुरते साधनच हवे आहे, त्याला ते अजून उमगलेले नाही इतकेच.

'उद्या काही बरेवाईट झाले तर?' हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो टाळू नये. मात्र त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. एक मुलांच्या जिवाचा, जो उघड बोलला जातो. दुसरा असा की पत्नी गेली आणि दुसरा विवाह करावा लागला तर. हा कोणी बोलत नाही, पण पुरुषाच्या आईच्या मनात तोच आधी येतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, जावई गेला आणि हिचे पुन्हा लग्न झाले तर, असा विचार तिच्या माहेरच्यांनीही केलेला नसतो. पतीला खरोखरच ही शंका छळत असेल तर तिला नाकारून उपयोग नाही. तिच्यासह त्याने नसबंदी करू नये, दुसरे साधन शोधावे. पण आपल्याला मुभा राखून ठेवायची आहे म्हणून पत्नीने ती सोडावी, एवढे तरी म्हणू नये.

मुलगा-मुलीचा विषय याहून नाजूक. दोन मुली झालेल्या घरात नसबंदीची चर्चा सुरूच होत नाही. २०११ च्या जनगणनेत जैन समाजातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे ८८९ मुली होत्या. सरासरीत हा आकडा देशाच्याही खाली होता, आणि ही गोष्ट साक्षरतेत देशात अग्रभागी असलेल्या समाजाची आहे. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाने १९९४ मध्ये बंदी घातली. या हरवलेल्या मुली कोठे गेल्या याचे उत्तर अहिंसेचा उच्चार करणाऱ्या प्रत्येक घराला अवघड वाटायला हवे. 'पेढी कोण चालवणार' या प्रश्नाचे उत्तर कायद्याने २००५ मध्येच दिले आहे: अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद आहे, आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. दोन मुलींनंतर आईच्या शरीरावर तिसरे, चौथे गर्भारपण लादले जाते ते केवळ मुलासाठी असेल, तर तेथे पतीने पुढे होऊन 'आता पुरे' म्हणणे हा तिच्यावरचा सर्वांत मोठा उपकार ठरेल.

याला दुसरी बाजूही आहे, आणि अलीकडे ती व्यासपीठांवरून ऐकू येते. समाज लहान आहे. २०११ मध्ये देशात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, महाराष्ट्रात चौदा लाख. राष्ट्रीय सर्वेक्षणात जैन स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या २०१५-१६ मध्ये १.२ आणि २०१९-२१ मध्ये १.६ आढळली, तर लोकसंख्या टिकण्यासाठी ती २.१ च्या आसपास लागते. म्हणून तिसरे अपत्य होऊ द्यावे असा आग्रह धरणारे आहेत. चिंता समजण्यासारखी आहे. पण समाजाची बेरीज वाढवण्याचे काम एखाद्या थकलेल्या, दोनदा सिझेरियन झालेल्या स्त्रीकडे सोपवणे न्यायाचे नाही. आणि ज्यांना खरोखर तिसरे मूल हवे आहे, वाढवण्याची उमेद व सवड आहे, त्यांनी नसबंदीचा विचार आजच करण्याचे कारणच काय? हे सरळ आहे.

निर्णय दोघांचा असावा असे म्हटले जाते; कायद्याची स्थिती किंचित निराळी आहे. शासकीय नियमांनुसार नसबंदीसाठी जोडीदाराची लेखी संमती आवश्यक नाही. परंतु वैद्यकीय कारण नसताना पत्नीला न सांगता, तिच्या संमतीविना पतीने ही शस्त्रक्रिया करून घेतली तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मधील एका घटस्फोटाच्या निकालात म्हटले आहे. पत्नीच्या बाबतीतही तेच. तेव्हा दोघांनाही ठाऊक असणे अनिवार्य समजावे. त्यापलीकडे कोणाला सांगायचे हा त्या दोघांचा प्रश्न. एकत्र कुटुंबात सगळेच सगळ्यांना ठाऊक असते, हे खरे; तरी भावकी, मुनीम आणि बाजारपेठ यांनी यात मत देण्याचे काही कारण नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी कोणी मंडळींची बैठक बोलावत नाही.

खर्चाचे थोडे. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. खाजगी दवाखान्यात केल्यास आरोग्य विम्याकडून परतावा मिळेल असे गृहीत धरू नये. विमा पॉलिसींच्या प्रमाणित वगळणुकींत संततिनियमन व नसबंदी यांचा उल्लेख असतो. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात सरकार पुरुष नसबंदी पंधरवडा पाळते. दिवाळीची गर्दी तोवर ओसरलेली असते, दोन दिवस दुकान भावाकडे किंवा मुनिमाकडे सोपवणे जमण्यासारखे असते.

ज्यांचा निर्णय होत नाही त्यांना थांबण्यासाठी साधने आहेत. तांबी दहा वर्षे चालते. पत्नी बेचाळीस-त्रेचाळीसची असेल तर एका तांबीतच पाळी जाण्याचा काळ येऊन ठेपतो आणि शस्त्रक्रियेची गरज दोघांनाही उरत नाही. निरोध आहे, आठवड्याला घ्यायची 'छाया' गोळी आहे, तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन आहे. खरगपूरच्या डॉ. सुजय गुहा यांनी विकसित केलेल्या, पुरुषाच्या नळीत द्यायच्या इंजेक्शनच्या चाचण्यांचे निष्कर्ष आशादायक आले असले तरी ते अजून दवाखान्यात मिळत नाही. त्याची वाट पाहत गर्भारपणाचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

आणि ज्यांचा निर्णय झाला आहे त्यांनी संमतिपत्र स्वतःच्या भाषेत, पूर्ण वाचून मग सही करावी. ते समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे. त्यात स्पष्ट लिहिलेले असते की शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्याही क्षणी मन बदलता येते आणि त्यामुळे इतर कोणत्याही उपचाराचा हक्क जात नाही. टेबलावर निजल्यानंतरही 'आज नको' म्हणता येते, त्यासाठी कारण सांगावे लागत नाही.